एकाच वायरची दोन टोकं

१

दुपारचा एक वाजला की शिवपुत्र अप्पा हॉलमधल्या राऊटरचं बटण खट्कन बंद करायचे आणि तीनपर्यंत ताणून द्यायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, त्याच्या लहरींनी डोकं जड होतं. टीव्हीनं होत नव्हतं, शेजारच्या पिठाच्या गिरणीनं होत नव्हतं, मोबाईल छातीवर ठेवून झोपल्यानं तर अजिबातच होत नव्हतं. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बटण त्यांच्या हाताला लागत होतं म्हणून ते बंद करायचे. शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं सुपरवायझर होता हा माणूस. निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला उरलं काय, तर बायको नीलम्मा, पोरगा सोमेश आणि हिरवे दिवे लुकलुकणारं ते पांढरं डबडं.

सोमेशनं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, त्याला दीड वर्ष झालं होतं. का सोडलं हे कुणी धड विचारलं नाही. पोरगं वाया गेलं एवढं म्हणून उचगावातल्या सगळ्या भाऊबंदांनी हात झटकले. आता कुठं पुण्याच्या एका कंपनीनं त्याला चाचणीला घेतलं होतं. काम साधं. लोकांच्या इंटरनेटच्या तक्रारी चॅटवर येणार, ह्यानं उत्तरं लिहायची. सोमवारी सकाळी अकरा ते दुपारी दोन, घरूनच, खऱ्या गिऱ्हाइकांशी. ह्या तीन तासांत लाईन तुटता कामा नये. पास झाला तर पुढच्या आठवड्यात पुण्याला हजर व्हायचं. कामाच्या बाकीच्या अटी त्यानं वाचल्याही नव्हत्या. पुणं म्हणजे हे घर नव्हे, तेवढं त्याला पुरत होतं.

"अप्पा, सोमवारी एक दिवस नेट बंद करू नगासा."

"का?"

"परीक्षा हाय. दोनपर्यंत."

"परीक्षा कालेजात असत्यात. ते सोडलास की तू."

"नोकरीची हाय."

"मग हितं हॉलमधी बसून दे. काय दिवं लावतोस ते आमालाबी बघू दे की."

सोमेशनं आईकडं पाहिलं. अव्वा शेंगा फोडत होती. असं काही बोलणं निघालं की ती नेमकी काहीतरी फोडत, निवडत नाहीतर पुसत असायची.

२

वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत खालचं वायफाय पोचत नव्हतं, मोबाईलला रेंजची एकच काडी यायची. मग दुसरा राऊटर बसवायचा असं त्यानं ठरवलं. बटणाचं काय ते सोमवारी बघू, आधी वर नेट तर येऊ दे. शाळेपासूनचा दोस्त फरहान, मंगळवार पेठेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याच्याकडं कुणीतरी टाकून दिलेला एक काळा राऊटर पडून होता. तो त्यानं दिला आणि शनिवारी दुपारी फोनवर शिकवणीही सुरू केली.

"खालच्याच्या पिवळ्या पोर्टातनं वायर काढ, वरच्याच्या पिवळ्यातच घाल. निळ्यात घालू नको. आणि वरच्याचं पत्ते, म्हंजी नेटवरचे नंबर, वाटायचं काम बंद करून टाक. न्हायतर दोघंबी मोबाईलना पत्ते वाटत बसतील आन कुणाचंच चालायचं न्हाय. एका घरात दोन म्हातारी झाल्यागत."

"हितं एकच झेपंना, मर्दा."

"म्हणून तर. खालच्याचा पत्ता शेवटी एक असंल, वरच्याला शेवटी दोन दे. झालं काम. वायर हाय का भिंतीत?"

वायर होती. घर बांधलं तेव्हा अप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ गुंडू एकत्र होते. तेव्हाच भिंतींतून पाइप नेलेले, वायरी ओढलेल्या. पुढं भाऊ भांडले. घराच्या मधोमध, खालपासून वरपर्यंत, वाटणीची चार इंची भिंत उभी राहिली आणि अर्धं घर पलीकडं गेलं. पाइप मात्र होते तिथंच राहिले, काही त्या नव्या भिंतीत चिणले गेले. भाऊ वेगळे झाले तरी पाइप कोण फोडत बसणार? हॉलमध्ये टीव्हीमागं करड्या नेटवायरचं एक टोक लोंबत होतं. सोमेशच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, वाटणीच्या भिंतीतल्या उघड्या बोर्डातून दुसरं.

"टेस्टर लाव आधी," फरहान म्हणाला. "दोन टोकं दिसली म्हणजे वायर एकच असती असं न्हाय."

"टोकं दोनच हायत. तिसरं कुठनं यील?"

टेस्टर आणायला मंगळवार पेठेत कोण जाणार? सोमेशनं दोन्ही टोकांना जॅक बसवले, पकडीनं दाबले, एक खाली घातला, एक वर घातला. वरच्या राऊटरवर तिसऱ्या नंबरचा दिवा लागला आणि लुकलुकायला लागला. एवढं सरळ ह्या घरात कधी काही झालं नव्हतं.

फक्त पत्ता देताना अडलं. शेवटी दोन टाकलं तर पडद्यावर आलं, हा पत्ता आधीच वापरात आहे.

"तुझ्या अप्पाच्या मोबाईलनं धरला असंल," फरहान म्हणाला. "तीन दे."

तीन दिला. अप्पा त्या वेळी मोबाईल घेऊन गावात गेलेले होते, हे सोमेशच्या ध्यानात आलं ते फोन ठेवल्यावर. पण नेट पळत होतं. हॉलमध्ये पळायचं त्याच्या दुप्पट. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची, म्हणून त्यानं तो विचार सोडून दिला.

३

रविवारी सकाळी चहा घेत त्यानं नव्या राऊटरचं पान सहज उघडलं. कोण जोडलंय, किती वेग आहे, हे बघायचा त्याला नाद होता. नोंदींच्या पानावर एकच ओळ खालपासून वरपर्यंत भरली होती.

पासवर्ड चुकीचा. जोडणी नाकारली.

पासवर्ड चुकीचा. जोडणी नाकारली.

एकच कुठला तरी मोबाईल. पहाटेपासून, थोड्या थोड्या वेळानं, त्याच्या नव्या वायफायवर चढायचा प्रयत्न करत होता. शेजारचं कुणीतरी, असं त्याच्या मनात आलं. पण कुठलं शेजारचं? ह्या खोलीच्या तीन बाजूंना उघडी गच्ची आणि मोकळी हवा. चौथ्या बाजूला वाटणीची भिंत, आणि भिंतीपलीकडं गुंडूकाकाची वरची खोली. काका-काकू दीड वर्षापूर्वी घर सोडून शाहूवाडीकडं, काकूच्या माहेरच्या गावाला गेले. पलीकडं पाल सोडून कुणी नव्हतं.

अशी यादी सोमेशनं आयुष्यात आधी एकदाच पाहिली होती.

ती खोली सुष्मिताची होती. गुंडूकाकाची मुलगी, ह्याच्याच वयाची, बी.एस्सी.ला. भिंत उभी राहिली तरी दोघांचं बोलणं थांबलं नव्हतं. तेव्हा राऊटर वर सोमेशच्याच खोलीत होता, अप्पांनी तो खाली हॉलमध्ये नेला ते नंतर; वायफायचा पासवर्ड सोमेशनंच तिला दिला होता. त्याबदल्यात ती त्याची गणितं सोडवून द्यायची. मग कॉलेजातल्या कुणा पोराशी ती फोनवर बोलते असा सुगावा थोरल्यांना लागला. वाटणीनंतर दोघे भाऊ एका सतरंजीवर बसले ते ह्या एका कामासाठी. जमिनीवरून एकमेकांची तोंडं न बघणारी ही माणसं पोरीचं तोंड बंद करायला मात्र बरोबर एक झाली. तिचं कॉलेज बंद. सिम काढून घेतलं. वरच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली.

सिम नसतानाही ती बोलते कशी, हे त्यांना दोन दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा सोमेशला खाली बोलावलं. तू शिकलेला हायस ना, अप्पा म्हणाले, मग बदल पासवर्ड. शुक्रवारची दुपार होती. सोमेशनं बदलला. दोन मिनिटांचं काम. एका शब्दानं तो नाही म्हणाला नाही, आणि मान खाली घालून वर आला.

शनिवारी सकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं. नाटकं करती, काकू म्हणाली. नाटकं करती, अप्पा म्हणाले. रविवारी पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा अपेंडिक्स फुटून बराच वेळ झाला होता. सोमवारी लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला मांडी घालून बसवून पुरलं. शिवाची मर्जी, असं दोघे भाऊ लोकांना सांगत राहिले.

आणि शनिवारी दुपारी सोमेश राऊटरच्या पानावर एक यादी बघत बसला होता. पासवर्ड चुकीचा, जोडणी नाकारली. एक्केचाळीस वेळा. त्याला वाटलं होतं, त्या पोराशी बोलायला तडफडते आहे. त्याला हसूही आलं होतं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

यादीतल्या मोबाईलसमोर बारा अक्षरांचा एक नंबर असतो, प्रत्येक मोबाईलचा आपला. तो कुणी पाठ करत नाही. पण एकच ओळ एक्केचाळीस वेळा वाचली की शेवटची चार अक्षरं डोक्यात राहतात. सोमेशनं चहा खाली ठेवला. शेवटची चार अक्षरं तीच होती.

४

यंत्र आहे, चूक करतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. जुना राऊटर, कुणाचा तरी टाकलेला. त्यात जुन्या नोंदी राहिल्या असतील. फरहानकडं कुठून आला कुणास ठाऊक. आणि चार अक्षरं कुठंही जुळतात. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि त्यातलं काहीच त्याला पटलं नाही.

एक वाजला. खाली खट् आवाज झाला. सोमेशनं सवयीनं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला आणि थांबला. पडद्यावरचा व्हिडिओ चालूच होता.

त्यानं दुसरं पान उघडून पाहिलं. उघडलं. तिसरं उघडलं. काळ्या राऊटरवर तिसरा दिवा लुकलुकत होता, सकाळी होता त्यापेक्षा जोरात.

तो जिना उतरला. अप्पा दिवाणावर तोंड उघडं टाकून झोपले होते. भिंतीवर बटण बंद. पांढऱ्या राऊटरवर एकही दिवा नव्हता. त्यानं अडॅप्टर काढून हातात धरला, मग परत लावला. काल लावलेला जॅक पोर्टात होता तसाच होता. त्यानं तो काढला आणि पाइपातून येणारी करडी वायर हलकेच ओढली. कुठं अडकते ते बघायचं, एवढंच मनात होतं.

ती अडकली नाही. हातभर आली आणि संपली.

दुसरं टोक चपटं, तुटलेलं, सिमेंट चिकटलेलं होतं. वाटणीच्या वेळी गवंड्यानं छिन्नीनं तोडलेलं असणार. आतल्या तारा हिरव्या पडल्या होत्या. म्हणजे वाटणीनंतर ही वायर वर जातच नव्हती. काल जोडली तेव्हाही नाही.

मग वर जी होती, ती कुठून येत होती?

वायरचा तो तुकडा हातात धरून तो उभा राहिला. अप्पांनी कूस बदलली आणि डोळे न उघडता म्हणाले, "काय उकरतोस रे तिथं?"

"काय न्हाय."

"असलं तर असू दे. हात लावू नको."

५

संध्याकाळी पाच वाजता फरहान दुकानाचं शटर ओढून आला. त्याच्याकडं वायर हुडकायचं यंत्र होतं. एका टोकाला एक डबी लावायची, ती वायरीतून शिट्टी सोडते. हातातली दांडी भिंतीवरून फिरवली की जिथून वायर गेली तिथं ती दांडी ओरडते.

"ही वायर खाली जात असंल बघ," म्हणत त्यानं बोर्डाखाली दांडी धरली. शांतता. वर धरली. शांतता. मग त्यानं ती सरळ भिंतीला टेकवली आणि ती किंचाळली.

"हिकडं जाती," फरहान म्हणाला. "सरळ आत. पलीकडच्या खोलीत. तुझी चुलतबहीण ज्या..." पुढचं त्यानं गिळलं.

"तिकडं वीज न्हाय. मीटरच काढून नेलाय काकानं."

"मग नेट कुठनं येतंय?"

"तूच सांग. दुकान तुझं हाय."

फरहाननं डबी काढली, गुंडाळली, खिशात घातली. दांडी अजून भिंतीपाशी होती आणि अजून वाजत होती. वायरीत शिट्टी सोडणारं आता काही उरलंच नव्हतं. फरहाननं दांडीचं बटण दाबून ती बंद केली.

"भावा, माझं ऐक," तो म्हणाला, "उद्या सकाळी दुकानात ये. तिथं बसून दे तुझी परीक्षा. गिऱ्हाईक ओरडंल, टपोरी येतील, पण दे."

"शांत खोली लागती. कंपनीवाली कॅमेऱ्यात बघत्यात."

"मग नको देऊ."

"आन हितंच मरू व्हय?"

फरहान गेला. जिना उतरताना त्यानं भिंतीचा आधार घेतला नाही, हे सोमेशनं पाहिलं.

अव्वा गच्चीवर कपडे काढत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एक एक कपडा झटकत, सोमेशकडं न बघता ती म्हणाली, "तिकडच्या भिंतीला हात लावायचा न्हाय. तिकडनं काय ऐकू आलं तर ऐकायचं न्हाय."

"म्हंजी? तुला येतंय ऐकू?"

"कुणाच्याबी आवाजात हाक मारतंय. परवा तुझ्या आवाजात मारली. मी गेलो न्हाय."

"आन अप्पा?"

"त्यांनीच सांगितलंय, जायचं न्हाय म्हणून."

सोमेशचं डोकं फिरलं. "ज्या दिवशी ऐकायचं त्या दिवशी तुम्ही कुणी ऐकलं न्हाईसा. आता कान झाकून बसताय. लाज वाटती का जरा?"

अव्वानं त्याचाच शर्ट घडी घालून हातावर टाकला. मग पहिल्यांदाच त्याच्याकडं बघितलं.

"तू ऐकलंस व्हय?"

६

सोमवारी अकराला पाच कमी असताना त्यानं खोलीचं दार लावलं, मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि लॅपटॉप उघडला. काळा राऊटर चालू होता. वायर भिंतीत गेलेली होती. कुठून का येईना, येत होती. दुसरी लाईन नव्हती, दुसरी खोली नव्हती, आणि तीन तासांनंतर हे सगळं त्याला कायमचं सोडून जायचं होतं. काल रात्री विचार करून त्यानं एवढंच ठरवलं होतं: वापरायची आणि विचारायचं नाही. आपण आपल्या बापासारखाच विचार करतो आहोत, हे कळूनही त्यानं तसंच ठरवलं.

नियम दोनच. उत्तर द्यायला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर नापास. आणि 'आणखी काही मदत हवी आहे का?' असं विचारल्याशिवाय चॅट बंद करायचा नाही.

पहिले दोन तास भुर्रकन गेले. कुणाचं नेट हळू, कुणाचा राऊटर लाल दिवा दाखवतो, कुणी नुसत्याच शिव्या घालतो. सोमेश झरझर लिहीत होता. बाराच्या सुमारास देखरेख करणाऱ्या बाईचा निरोपही आला, उत्तम चाललंय. त्याला स्वतःचा हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा हलका वाटत होता.

एकला खाली खट् झालं. लाईन जराही हलली नाही.

एक वाजून सात मिनिटांनी नवा चॅट आला. नावाची जागा मोकळी.

नमस्कार, मी सोमेश. आपल्याला काय मदत करू?

नेट बंद आहे.

गैरसोयीबद्दल क्षमस्व. केव्हापासून बंद आहे?

शुक्रवारपासून. पासवर्ड चालत नाही.

सकाळपासून असे दहा आले होते. ठरलेलं उत्तर त्यानं टाकलं. कृपया राऊटर बंद करून पुन्हा चालू करा.

राऊटर माझ्याकडं नाही. भिंतीपलीकडं आहे.

सोमेशची बोटं थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चालू झालं. तीन मिनिटं. दोन एकोणसाठ. कंपनी मुद्दाम असली गिऱ्हाइकं सोडत असेल, घाबरवतात, बघतात माणूस कसा वागतो ते. फरहान असेल. पण फरहानला ह्या चॅटचा पत्ता कुठं माहीत होता.

आपला पूर्ण पत्ता सांगाल का?

तुला माहीत आहे.

मग थोड्या वेळानं: दुखतंय.

मग: दार बाहेरून लावलंय.

उशाजवळच्या उघड्या बोर्डातून, पाइपाच्या आतून, काहीतरी घासल्याचा आवाज आला. नखानं वायरचं प्लॅस्टिक खरवडावं तसा. करडी वायर बोटभर आत ओढली गेली, आणि पुन्हा सैल झाली.

त्याला काय करायचं ते अगदी स्वच्छ ठाऊक होतं. एक ओळ टाकायची, एक बटण दाबायचं. नाव नसलेलं गिऱ्हाईक, कुणी विचारणारही नाही. पन्नास मिनिटं उरली होती. पन्नास मिनिटं आणि पुणं. त्यानं ओळ टाकली.

आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?

उत्तर आलं नाही. बाण 'बंद करा' वर होता. घड्याळ दोन चाळीसवर होतं. बोर्डातला आवाज थांबला होता, आणि ती शांतता अशी होती की पलीकडं कुणीतरी श्वास धरून, तो काय करतो ते बघत असावं. दीड वर्षापूर्वी त्यानं यादी मिटली, तेव्हाही अशीच शांतता झाली असेल. हसण्यात त्याला ती ऐकू आली नव्हती.

त्यानं हात बाणावरून उचलला आणि लिहिलं, थांब. आलो.

७

एप्रिलचं ऊन. गच्ची पायाला चटके देत होती. दोन्ही वरच्या खोल्यांची दारं ह्या एकाच गच्चीवर उघडायची. मधली वाटणीची भिंत इथं जेमतेम गुडघ्याएवढी होती. सोमेश ती ओलांडून पलीकडं गेला. काकांच्या बाजूला चिंचेचा पाला पडून कुजला होता, दोन्ही घरांची सामाईक पाण्याची टाकी, तिचा गंजका कॉक, आणि पुढं दार. बाहेरची कडी लावलेली. सगळ्या गच्चीत एवढी एक कडीच गंजलेली नव्हती. रोज कुणाचा तरी हात लागत असावा तशी ती गुळगुळीत होती.

त्यानं ती काढली आणि दार ढकललं.

आत काहीच नव्हतं. म्हणजे एक लोखंडी पलंग होता, त्यावर गादी, गादीवर फिक्या निळ्या फुलांची चादर. खिडकीला काकांनी पत्रा ठोकला होता. त्याच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा येत होत्या. कुबट वास होता, आणि त्याच्या खाली एक आंबट वास, आजारी माणसाच्या खोलीत असतो तसला. भिंतीतल्या बोर्डातून करडी वायर बाहेर आली होती, जमिनीवरून वळत पलंगावर गेली होती. टोकाला जॅक नव्हता. काही जोडलेलं नव्हतं. तारा उघड्या होत्या आणि चादरीवर पडल्या होत्या. एवढंच.

त्याला हसू यायला लागलं, रडूही. ह्या चार उघड्या तारांसाठी त्यानं पुणं सोडलं होतं. घड्याळ आता पाऊण मिनिटावर आलं असेल. अजून पळत गेलो तर पोचू, असा हिशेब त्यानं केला, आणि तेव्हा त्याला गादी नीट दिसली.

गादीवर खोलगट खड्डा होता. कुणी बऱ्याच वेळापासून पडून असल्यावर होतो तसा. डोक्याचा, खांद्याचा, पोटाशी घेतलेल्या गुडघ्यांचा. सुष्मिताला मातीत मांडी घालून, पाठ ताठ करून बसवलं होतं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. इथं कुणी बसलेलं नव्हतं. वायरच्या तारा गेल्या होत्या तिथं, जिथं मूठ असायला हवी, तिथं चादर आवळलेली होती आणि हळूहळू आणखी आवळली जात होती.

"सुषी," तो म्हणाला. "मी बदलला पासवर्ड. मीच बदलला."

गच्चीवर चपला वाजल्या. पाणी आलं होतं. अप्पा झोपेतून उठून टाकीचा कॉक सोडायला वर आले होते. चपला कॉकपाशी थांबल्या. मग दाराकडं आल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडंच थबकल्या. दाराच्या चौकटीत अप्पांचा अर्धा खांदा दिसला, बनियन, गळ्यातल्या लिंगाचा दोरा. तोंड त्यांनी पलीकडं फिरवलेलं होतं. आत बघायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचा हात पुढं आला आणि चाचपत त्यानं दाराची कडा धरली.

"अप्पा," सोमेश म्हणाला. "मी हाय. सोमेश."

हात थांबला. क्षणभर थांबला, आणि त्या क्षणात सोमेशला वाटलं की आता हे तोंड वळेल.

"शिवा, शिवा, शिवा," अप्पा पुटपुटले आणि दार ओढून घेतलं. बाहेरून कडी बसली.

सोमेशनं दारावर धडका दिल्या. अप्पांना हाका मारल्या, शिव्या घातल्या, परत हाका मारल्या. चपला जिन्याकडं गेल्या, घाई न करता, रोजच्यासारख्या. त्याच्या खोलीत, चार इंचांपलीकडं, टेबलावर त्याचा मोबाईल वाजायला लागला. बराच वेळ वाजला. मग थांबला.

"अव्वा!" तो ओरडला. "अव्वा, खरंच मी हाय गं!"

खाली स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला. अव्वानं ऐकलं होतं, त्याला पक्कं कळलं. मग मिक्सर सुरू झाला. चटणीला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तो चालत राहिला.

सोमेश दाराला पाठ लावून खाली बसला. फटींतून येणाऱ्या उजेडाच्या रेघा गादीवर पडल्या होत्या. त्या उजेडात, घाई न करता, दुखणाऱ्या माणसानं जपून सरकावं तसा तो खड्डा भिंतीच्या बाजूला सरकला, आणि अलीकडच्या कडेला एका माणसापुरती जागा मोकळी झाली.